टीव्हीवर बघितलेला जिल्हा

आमच्यात मुलगी द्यायची तर आधी घर बघायला जातात. पाच-सात पुरुष जीपमध्ये बसतात, मुलाच्या गावी उतरतात, विहिरीला पाणी किती, जमीन काळी की मुरमाड, रस्ता कसा, एवढं बघतात, जेवतात आणि परत येतात.

नातीला अमेरिकेतलं स्थळ आलं तेव्हा पंचाईत झाली. मुलाचे आईवडील इथेच इंदिरानगरात राहतात, पण मुलगी नांदणार तिकडे, मग त्यांचा फ्लॅट बघून काय उपयोग? माझ्या मुलाने तोडगा काढला. रविवारी माझा धाकटा भाऊ सायखेड्याहून आला, दीर सटाण्याहून आले, आणि मुलाने मोबाईल टीव्हीला जोडून नकाशातल्या फोटोंमधून ते तिकडचं गावच समोर लावलं.

तिघे सोफ्यावर बसले. नात माझ्याजवळ खाली बसली. ती दवाखान्यात काम करते, हातपाय आखडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. लग्न तिचं होतं, पण तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

मुलाने कागदावर माहिती लिहून आणली होती. ती त्याने उभं राहून वाचली.

"गाव मध्यम. मालेगावपेक्षा लहान, सटाण्यापेक्षा मोठं. जिल्ह्याचं ठिकाण, म्हणजे कोर्टकचेरी तिथंच. एक नदी, एक विद्यापीठ, दोन मोठे दवाखाने. जिल्हाभर मका आणि सोयाबीन."

"मका?" भाऊ पुढे सरकला. "शिवार दाखव बरं."

शिवार दाखवलं. नजर पोचेल तिथपर्यंत मका.

"जमीन काळी हाय. लय भारी. पण बांध दिसंना कुठं."

"बांध नाय म्हणजे भांडण नाय," दीर म्हणाले.

दोघे असे खूश झाले, जसं कोणी ते शिवार त्यांच्या सातबाऱ्यावर चढवून देणार होतं. नवरा मुलगा कॉम्प्युटरवर काम करणारा. त्यातलं एक कणीस त्याचं नव्हतं.

मग त्याच्या घराचा रस्ता आला. फडक्याने पुसल्यासारखा रस्ता, सारखी घरं, पुढे हिरवळ. आम्ही पुढे गेलो, वळलो, परत आलो. माणूस एक नाही.

"माणसं कुठंयत?" मी विचारलं.

"कामाला गेली असतील, आई."

"म्हातारीकोतारी पण?"

"अक्का, शांतता हाय ती," भाऊ म्हणाला. "श्रीमंत गाव हाय."

"मसणातबी शांतताच असती."

सुनेने स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. मी थांबले नाही. भाजीला कसं जायचं? गाडीने. बस आहे का? मुलाने कागद उलटापालटा केला. बस कागदावर नव्हती. हिचं दवाखान्याचं काम तिकडे चालेल का? तेही नव्हतं. मग स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाला फोन लावला. तो म्हणाला, पहिली काही वर्षं बायकोला नोकरी करता येत नाही, पण घरात सगळी मशिनं आहेत, कष्ट काही नाहीत.

"ऐकलं का?" दीर नातीला म्हणाले. "राणीवानी राहशील."

"हाताला काम असलेली पोर नेऊन मक्यात बसवताय," मी म्हणाले, "आणि वर बांध बघताय."

माझा मुलगा चिडला. "आई, चौथीपर्यंत शिकलीस तू. अमेरिकेतलं काय कळतं तुला?"

"तिसरीत आम्हाला जिल्ह्याची माहिती पाठ करायला लावायचे. नद्या, पिकं, तालुके. तू तेच वाचलंस. गुरुजी तुला पास करतील."

जेवण होऊन पाहुणे गेले. संध्याकाळी नातीने बापाला नाही म्हणून सांगितलं. घरात दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. भावाचा फोन आला, "अक्का, एवढा चांगला जिल्हा घालवलास तू."

मी मात्र मनातून ताठ झाले होते. तिसऱ्या दिवशी नातीला म्हणाले, "बरं झालं मी बोलले. वाचलीस."

ती भाजी निवडत होती. हसली. "आजी, तुझ्यामुळं नाही गं. गाव बरं होतं. एकटं राहायला मला काही वाटत नाही, आणि नोकरीचा मी काढला असता काहीतरी मार्ग. पण तीनदा फोनवर बोललो आम्ही, त्याने एकदाही मला विचारलं नाही की तू काय काम करतेस. स्वतःच्या गाडीबद्दलच बोलत होता."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"कोणी विचारलं का? तूसुद्धा बसचं विचारलंस."

मी तिच्यापुढची भाजी ओढून निवडायला घेतली. भावाला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तो लग्नाकार्यात भेटला की अजून त्या काळ्या जमिनीबद्दल हळहळतो, आणि दीर माना हलवतात. तो नवरा मुलगा दिसायला कसा होता हे आमच्यापैकी एकालाही आठवत नाही. फोटो आला होता म्हणतात.