एक जूनचा वाढदिवस

माझी सगळी नोकरी बागलाणात, सटाण्याच्या आसपासच्या गावांमध्ये झाली. पहिलीचा वर्ग कायम माझ्याकडे. शाळा उघडली की आईबाप पोराला पुढ्यात उभं करायचे आणि मी जन्मतारीख विचारली की एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. "पोळाना आंगेमांगे व्हयनी, बाई. तुम्हीच लिखी ल्या," असं कुणीतरी सांगायचं. पोळ्याच्या आसपास झाली खरी, पण तो पोळा कुठल्या सालचा, ते मात्र दोघांनाही ठाऊक नसायचं. मग मी पोरीला म्हणायची, "उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर." कान हाताला लागला तर सहा वर्षं पूर्ण. नाही लागला तर पुढच्या वर्षी या. आणि रजिस्टरमध्ये तारीख घालायची एक जून. शाळेचं वर्ष जूनपासून धरायचं, हिशेब सोपा पडायचा. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा आणि त्यात कुणालाही नवल वाटत नसे. मला तर मुळीच नाही. पोर शाळेत बसलं, यातच मी खूश.

एकतीस मेला निवृत्त झाले आणि नाशिकरोडला मुलाकडे राहायला आले. मुलगा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, सून बँकेत. नात दोन वाजता शाळेतून येते आणि त्यानंतरची दुपार आम्हा दोघींची. शेजारणींच्या नाती नाच शिकतात, चित्रं काढतात. आमची विमान चालवते. कॉम्प्युटरवर. टेबलाला एक दांडा बसवलाय, तो ओढला की पडद्यावरचं विमान वर जातं. त्याला खेळ म्हटलं की बाईसाहेबांचं नाक फुगतं. ओझरच्या विमानतळावरून उडायचं, नाशिकरोडवरून वळसा घ्यायचा, एकलहऱ्याची धुराडी दिसली की "बाबा, हात करा" म्हणायचं आणि परत ओझरला उतरायचं, हा तिचा वर्षभराचा परिपाठ.

मग तिला कळलं, की असं करणाऱ्या लोकांची एक जागतिक मंडळीच आहे. प्रत्येक जण आपापल्या घरी बसून विमान चालवतो, पण आकाश सगळ्यांचं एकच. एकमेकांची विमानं दिसतात. काही सभासद हौसेने विमानतळाच्या टॉवरचं काम करतात. कानाला हेडफोन लावून त्यांच्याशी बोलायचं, परवानगी घ्यायची आणि मगच उतरायचं. एकटीने उडून ती कंटाळली होती. ती शाळेतून यायची ती याच गोष्टी बोलत.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिने फॉर्म भरायला घेतला आणि जन्मतारीख घातल्याबरोबर तो अडला. तेरा वर्षं पूर्ण हवीत. ही ऑक्टोबरची, म्हणजे बारा वर्षं आणि चार महिने. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आरडाओरडा करणारी पोर नाही ती. नुसती बसून राहिली आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

मला राग आला. नियमांचा राग मला लवकर येतो, स्वतः केलेले सोडून. "विमानं खोटी, आकाश खोटं आणि वय तेवढं खरं पाहिजे होय?" मी म्हणाले. "सरक, दे इकडे."

एका बोटाने मी तारीख घातली. आदल्या वर्षीची एक जून. विचारही करावा लागला नाही, हाताला सवयच होती.

"आजी, हे खोटं आहे ना?"

"अगं, मी आयुष्यभर हेच लिहिलंय. कुणाचं काही वाईट झालं का?"

फॉर्म सुरळीत पुढे सरकला आणि पडद्यावर स्वागताची पाटी आली. नातीने गळ्याला मिठी मारली. मी मनात म्हटलं, बाई, अजून तुमचा हात चालतो.

पुढचे तीन-साडेतीन महिने घरात आनंदीआनंद होता. मी मेथी निवडत बसायची आणि आतून तिचं इंग्रजी ऐकू यायचं. अर्धं मला कळायचं नाही, पण एक गोष्ट बघून हसू यायचं. टॉवरशी बोलताना ती उभी राहायची. पलीकडून कुणाला दिसणार आहे? तरी उभी. कुठल्याशा देशातल्या एक बाई टॉवरवर असायच्या. ही चुकली की त्या सावकाश तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावायच्या. मला त्या बाई न बघताच आवडल्या होत्या.

आणि एक जून आला. उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. सकाळी अकराच्या सुमारास मी फोडणी घालत होते, तेवढ्यात नात स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"आजी, आज माझा वाढदिवस आहे."

मला आधी कळेचना. मग कळलं. त्या मंडळींकडे सभासदांच्या तारखा असतात आणि वाढदिवसाला सगळे मिळून त्या माणसाच्या गावी विमानं उतरवतात, अशी त्यांची पद्धत. संध्याकाळी पाच वाजता वीसेक विमानं ओझरला उतरणार होती, हिच्या चौदाव्या वाढदिवसासाठी.

"मग घे की शुभेच्छा. काय बिघडतंय?"

"आजी, एक जण पहाटे साडेचारला उठून येणार आहे. त्यांच्याकडे तेव्हा पहाट असते. माझ्यासाठी गजर लावणार आहे तो." तिचा आवाज चिरकला. "आणि माझा वाढदिवसच नाहीये."

मग तिने मला नियम वाचून दाखवला. वय खोटं सांगितल्याचं आढळलं तर सभासदत्व कायमचं बंद. कायमचं, हा शब्द तिने दोनदा वाचला. सांगितलं तर मंडळी गेली, नाही सांगितलं तर पाच वाजता त्यांच्याशी कुठल्या तोंडाने बोलायचं, असा तिचा पेच.

आणि मी काय करावं? मी चिडले. तिच्यावरच. "एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नकोस. गप्प बसायचं, थँक्यू म्हणायचं." ती खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

फोडणी करपली होती. गॅस बंद करून मी ओट्याशी उभी राहिले आणि मला नेमकी ती आठवली. माझी एक जुनी विद्यार्थिनी. दोन वर्षांपूर्वी नाशिकरोडच्या बसस्टँडवर भेटली होती, कडेवर लेकरू. "बाई, वळखलं का?" म्हणून वाकून पाया पडली. पोलीस भरतीत धावण्यात पहिली यायची पोर. झालीस का पोलीस, असं मी हौसेने विचारलं. "नाय ना बाई. शेवटच्या भरतीला पाच महिन्यांनी वय उलटलं. आई म्हणती मी दिवाळीची. पन कागदावर एक जून." मग माझं तोंड बघून तीच घाईने म्हणाली, "जाऊ द्या बाई. तुम्हाला तरी काय ठावं?"

तेव्हा मी घरी येऊन कुणाला काही सांगितलं नव्हतं. आणि फेब्रुवारीत मीच विचारलं होतं, कुणाचं काही वाईट झालं का?

लाज वाटली. नुसती लाजच नव्हे, भीतीही. ही पोर तीन महिने कानाला हेडफोन लावून कुणाकुणाशी बोलत होती, ते मी एकदाही विचारलं नव्हतं. मोठी माणसं होती सगळी. आणि त्यांना वाटत होतं, समोरची मोठी मुलगी आहे. मी खोलीत गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "बाळा, ते लोक तुला काय काय विचारतात गं?"

ती उठून बसली. जरा विचार करून म्हणाली, "वारा कुठून येतोय, ते विचारतात."

"अजून?"

"पेट्रोल किती उरलंय."

मी खो खो हसले.

पत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. मी मराठीत सांगत होते, ती इंग्रजीत उतरवत होती. तारीख आजीने घातली, मुलीचा दोष नाही, शिक्षा द्यायची तर आजीला द्या, असं मी सांगितलं. शेवटचं वाक्य तिने लिहिलंच नाही. "मला माहीत होतं ना, आजी," म्हणाली आणि तसंच लिहिलं. पहाटे उठणाऱ्या माणसाला गजर लावायला लागू नये, म्हणून बारा वाजायच्या आत पत्र पाठवून दिलं.

मग वाट बघणं. जेवणात कुणाचं लक्ष नव्हतं. एक वाजला, तीन वाजले. उत्तर नाही. चार वाजता मी चहा केला, तो दोघींनी टाकला. आयुष्यात कुठल्याही तपासणी अधिकाऱ्याची मी इतकी धास्ती घेतली नव्हती. हिच्या हातून हे आकाश कायमचं गेलं तर त्याला कारण मी, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पाचला दहा मिनिटं असताना उत्तर आलं. नात वाचेना, म्हणून चष्मा लावून मीच वाचायला बसले, मग तिलाच राहवलं नाही, तिने वाचून दाखवलं. मंडळीच्या प्रमुखांनी लिहिलं होतं, की तुझं खातं आजपासून बंद आहे. ऑक्टोबरपर्यंत. कायमचं नाही, कारण आम्हाला आढळायच्या आधी तू स्वतः सांगितलंस. तू केलेली उड्डाणं तशीच जपून ठेवू. तेरा वर्षांची झालीस की ये, आणि या वेळी पालकाचीही माहिती भर.

माझा जीव भांड्यात पडला. दोन्ही हातांनी मी तिचं डोकं धरलं आणि पटापटा पापे घेतले.

पत्रात पुढे असं होतं, की आमच्याकडे बहुतेक मोठी माणसं बोलतात. कोण लहान आहे हे ठाऊक असेल, तरच त्याच्याकडे नीट लक्ष देता येतं. मी हे दोनदा वाचून घेतलं. लहान चणीच्या पोरांना मी तीस वर्षं पुढच्या बाकावर बसवत आले. मला हे कुणी सांगायला नको होतं.

आणि सगळ्यात खाली एक ओळ. विमानं निघालेली आहेत, ओझर कुणीच पाहिलेलं नाही, म्हणून उतरणारच आहोत. तुला बोलता येणार नाही, पण नकाशा कुणालाही बघता येतो.

आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो. नकाशावर छोटी छोटी विमानं एकामागून एक ओझरकडे सरकत होती. एक नाशिकरोडवरून वळलं तेव्हा नात सवयीने उभी राहिली, मग पुन्हा बसली. सगळी उतरेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

मुलाला आणि सुनेला रात्री जेवताना सगळं सांगितलं. सून म्हणाली, "आई, उद्योग तुमचा, तर ऑक्टोबरात पालक म्हणून सहीपण तुम्हीच करायची." मी निमूट मान हलवली.

ऑक्टोबर आला. वाढदिवसाच्या दिवशी शाळेतून आल्या आल्या, दप्तरही न काढता, नातीने फॉर्म उघडला. स्वतःची तारीख तिने स्वतः घातली, एकेक आकडा सावकाश. फॉर्म पुढे सरकला. मग पालकाचं नाव. मग पालकाची जन्मतारीख. तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि माझ्या बोटाने आपोआप एक जून घातलं.

ती बघत होती. "आजी, खरी घाल ना."

"हीच आहे माझी. आधारवर, पेन्शनवर, सगळीकडे."

"पण खरी?"

आमच्या गुरुजींनीही मला डोक्यावरून हात नेऊन कान धरायला लावला होता. "खरी मला माहीत नाही गं," मी म्हणाले. हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. "माझी आई एवढंच सांगायची, की तू झालीस तेव्हा अंगणात भुईमूग वाळत घातला होता."

"भुईमूग कधी वाळत घालतात?"

"याच दिवसांत."

तिने कागदावरची तारीख तशीच राहू दिली आणि खाली शेरा लिहायच्या चौकोनात इंग्रजीत एक वाक्य टाकलं, आजीची खरी तारीख कुणाला माहीत नाही. मग फॉर्म पाठवून दिला.

संध्याकाळी केक आणला. नातीने सुरी घेतली आणि माझं मनगट धरून मला शेजारी ओढलं. "तूही काप. तुझाही याच दिवसांत आहे." मी रडले. रडायचंच होतं, तर तोंड फिरवून कशाला लपवू? सुनेने विचारलं, मेणबत्त्या किती लावायच्या. नातीच्या तेरा होत्या, त्यात वाद नव्हता. माझ्या किती, ते आम्ही अंदाजाने ठरवलं.