लाल शाईला भिणारा हवालदार

तुमच्या घरात कुणी फौजेतून निवृत्त झालेलं असेल, तर मला एवढंच सांगा, त्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या पुस्तकात, बायकोचं नाव आहे का? ‘असणारच की’ म्हणू नका. ते पान उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय का, ते सांगा. हा प्रश्न ज्या माणसानं मला विचारायला शिकवला, त्याच्याच पुस्तकात ते पान कोरं होतं. सात आठवड्यांपूर्वी तो माणूस गेला आणि पान अजून कोरंच आहे.

त्या सोमवारी सकाळी शिवाजी पेठेतल्या आमच्या छापखान्यात फोन वाजला, तेव्हा मी मोर्चाच्या पत्रकांचा पहिला गठ्ठा बांधत होते. कबनूरहून यशवंतअण्णांचा मुलगा बोलत होता. त्याच्या मागं यंत्रमागांचा खडखडाट चाललेला, त्यामुळं त्याला ती बातमी ओरडून सांगावी लागत होती. “अण्णा गेलं. दाढी करता करता गेलं.” फोन ठेवला आणि माझा हात आधी खुंटीवरच्या पिशवीकडं गेला. पिशवीत एक प्रतिज्ञापत्र होतं. स्टॅम्प पेपरवर टाइप केलेलं, नवरा-बायकोचा जोडीचा फोटो चिकटवलेलं. फक्त सह्या राहिल्या होत्या. येत्या मंगळवारी सैनिक कल्याणच्या कचेरीत जाऊन उरकू, असं मी अण्णांना सांगितलं होतं. त्याच्या आदल्या मंगळवारीही मी हेच सांगितलं होतं... कारण मला पत्रक लिहायचं होतं.

मी पत्रकांवरच वाढले. वडिलांच्या छापखान्यात बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, आणि पुढची बाजू वाचत वाचत मोठी झाले. त्यामुळं ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘धन्यवाद’च्या आधी लिहिता आला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजात होते, तेव्हा निवृत्त हवालदार यशवंतअण्णा आमच्याकडं अर्जाचे नमुने छापून घ्यायला आले. नव्या वेतन आयोगानंतर माजी सैनिकांत मोठी खदखद होती. एकाच हुद्द्यावर तेवढीच वर्षं काढलेले दोघं, पण आधी घरी आला त्याला कमी पेन्शन आणि नंतर आला त्याला जास्त. कागद कुणालाच कळत नव्हते. अण्णांना कळायचे, कारण पलटणीत त्यांनी काही वर्षं कंपनी ऑफिसात लिहिण्याचं काम केलं होतं. मग दर मंगळवारी ते कबनूरहून पहिल्या एसटीनं यायचे आणि आमच्या छापखान्याच्या दारातल्या लोखंडी स्टुलावर बसून लोकांचे अर्ज भरून द्यायचे. चहासुद्धा स्वतःच्या पैशांनी प्यायचे. वडिलांनी एकदा पैसे देऊ नका म्हटल्यावर दोन मंगळवार ते चहाच प्यायले नाहीत.

त्यांच्यासाठी लिहिलेलं माझं पहिलं पत्रक त्यांनी उभ्यानंच वाचलं आणि खिशातलं पेन काढलं. “हितं ‘सरकारनं जवानांना लुटलं’ असं लिवलंयस. किती लुटलं, कवा, कुठल्या आदेशानं? ते लिव की.” मी म्हटलं, लोकांना राग यायला हवा. ते म्हणाले, “राग त्यांच्याकडं हाय. पोतं भरून हाय. कागद न्हाई त्यांच्याकडं.” निम्मं पत्रक त्यांनी खोडलं. त्या दिवशी मग मी त्यांच्याशी बोलले नाही. पुढच्या मंगळवारी आले ते दारातूनच म्हणाले, “काय जनरल, आज कुणावर चढाई?” आणि मला हसू आलं. तेव्हापासून मी जनरल झाले.

अर्ज भरता भरता फौजेच्या गोष्टी निघायच्या. त्यात मर्दुमकी फार कमी आणि पगार फार. पगाराच्या दिवशी रांगेनं टेबलासमोर जायचं, सलाम ठोकायचा, नंबर सांगायचा, नोटा घ्यायच्या आणि पुन्हा सलाम. ‘सलाम दोनदा, पगार एकदा,’ असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे म्हातारे हसायचे. फुटलेल्या मगाचे पैसे कापले, न्हाव्याचे कापले, हरवलेल्या चमच्याचे कापले, हे त्यांना चाळीस वर्षांनंतरही पाठ. हाताला मिळायचं ते साबण-बिडीपुरतं. बाकीचा पगार परस्पर मनीऑर्डरनं घरी जायचा, आणि तो बहुतेकांच्या आईच्या नावानं जायचा. भरती होताना पोरं अठरा-एकोणीस वर्षांची. वारस कोण विचारलं, की आईचं नाव सांगून मोकळी व्हायची.

पन्हाळ्याकडचे एक निवृत्त नाईक होते, शंकरमामा. ते बायकोला घेऊन आले होते. अण्णांनी त्यांचं पुस्तक मागितलं, कुटुंबाच्या नोंदीचं पान काढलं आणि त्यांचा आवाज चढला. लग्न होऊन बत्तीस वर्षं झाली तरी पलटणीला कळवलेलंच नव्हतं. वारसाच्या जागी अजून मेलेल्या आईचं नाव, म्हणजे मागं राहिलेल्या बायकोला पेन्शन नाही. “शंकर, उद्या तू मेलास तर ही कोन रं? शेजारीन?” शंकरमामा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभे. अण्णांनी त्यांना चार हेलपाटे घालायला लावले, प्रतिज्ञापत्र केलं, फोटो काढवला, जिल्ह्याच्या कार्यालयातून कागद रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. नाव चढलं. शंकरमामांनी पेढे आणले, तर अण्णांनी एक घेतला आणि बाकीचे त्यांच्या बायकोच्या हातात ठेवले. असे किती कागद त्यांनी केले असतील, मला माहीत नाही. प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच... पान उघडून पाहिलं का?

यंदा एका मंगळवारी सगळे गेल्यावर, वडीलही जेवायला गेल्यावर, अण्णांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणखी एक पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “बघ,” एवढंच म्हणाले. मी पान काढलं. वारसाचं नाव आईचं, तेही आधीच्या पानावर. कुटुंबाच्या नोंदीचं पान अख्खं कोरं, पत्नीचा रकानाही. मला वाटलं पुस्तक दुसऱ्या कुणाचं असेल, म्हणून मी पहिलं पान उलटून पाहिलं. त्यांचंच होतं.

मग त्यांनी सांगितलं. सुट्टीवर आले असताना लग्न झालं, सुट्टी संपली, परत गेले. कळवायचं राहिलं असं नाही, कळवलं नाही. लग्नाची नोंद झाली, की मनीऑर्डर बायकोच्या नावानं करायची का, अशी पलटणीच्या कचेरीतून विचारणा व्हायची. आणि त्यांची आई दर महिन्याला उंबऱ्यात बसून पोस्टमनची वाट बघायची. तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं तिचं नाव पुकारायचा. दुसऱ्यांच्या रानात खुरपून पोर वाढवलेली बाई, तिचं नाव कुणी पुकारायचं ते तेवढंच. “त्या जाग्यावर सुंदराचं नाव पुकारलं असतं, तर आई काय म्हनली नसती. उंबऱ्यातनं उठून आत गेली असती, बस्स.” आई वारली तेव्हा नोकरीची दोन वर्षं उरली होती. तेव्हा कळवायचं, तर इतकी वर्षं लपवलं म्हणून कारवाई झाली असती आणि सेवेच्या कागदावर लाल शाईनं शेरा पडला असता. सतरा वर्षांत त्यांच्या नावावर लाल शाई नव्हती. ती पडू नये म्हणून ते गप्प राहिले, आणि निवृत्त झाल्यावर गप्प राहायची सवय झाली. आताच का सांगताय, असं मी विचारलं. “परवा ती म्हनली, शंकरच्या बायकूचं झालं व्हय? मग माजं कवा?”

मी कागद करायचं कबूल केलं. इचलकरंजीच्या स्टुडिओत दोघांनी फोटो काढून घेतला. त्यात सुंदराकाकू कॅमेऱ्याकडं बघतायत आणि अण्णा ‘सावधान’मध्ये बसलेत. फोटो देताना त्यांनी हळूच विचारलं, “आता लाल शाईनं लिवतील व्हय गं?” युद्ध बघून आलेला साठीपलीकडचा माणूस... मी हसले. मग मोर्चा ठरला, पत्रक आलं, एक मंगळवार गेला. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी पिशवीकडं नुसतं बघितलं. मी म्हटलं, मोर्चा होऊ दे अण्णा, सरकार कुठं पळून जातंय? ते म्हणाले, “सरकार न्हाई पळत.”

तेराव्याच्या जेवणावळी अण्णांना मान्य नव्हत्या. विहारातल्या वंदनेनंतर चौथ्या दिवशी मी काकूंना घेऊन सैनिक कल्याणच्या कचेरीत गेले. कारकून उद्धट नव्हता, हे मुद्दाम लिहिते. त्यानं पुस्तक नीट पाहिलं आणि विचारलं, तुम्ही त्यांच्या पत्नी कशावरून? काकूंनी स्टुडिओतला फोटो टेबलावर ठेवला. “मी न्हाई, तर ही कोन?” तो म्हणाला, फोटो चालत नाही, त्यांची सही हवी होती. दुसरा पुरावा आणा, नाहीतर कोर्टातून आणा. घरी आम्ही पेटी धुंडाळली. अण्णांची सगळी पत्रं सापडली, पण तीही आईच्या नावानं. काकू त्यात कुठं आहेत? शेवटच्या ओळीत, ‘घरात सर्वांना नमस्कार’ यातल्या ‘सर्वांना’त.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी शंकरमामा छापखान्यात आले. कागदांसाठी आलेल्या काकू अण्णांच्या स्टुलावर बसल्या होत्या. मामांनी माझ्याकडं ते प्रतिज्ञापत्र मागितलं, आणि खिशातून आमच्याच एका पत्रकाचा कपटा काढला. त्याच्या पाठीवर त्यांनी अण्णांची सही गिरवली होती, सात-आठ वेळा. शेवटची हुबेहूब होती. “मागची तारीख घाल, पोरी. शिक्का मारनारा माजा वळखीचा हाय. यशवंतानं माज्या बायकूचं नाव चढवलं, मी त्याच्या बायकूचं चढवतो. फिटंफाट.” वडिलांनी मशीन थांबवलं. मी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. मी नाही म्हणाले नाही. आयुष्यभर खोट्याविरुद्ध पत्रकं छापलेल्या घरातली मी, आणि मी नाही म्हणाले नाही... हे इथं लिहून ठेवते. माझ्या दोन मंगळवारांची भरपाई समोर दिसत होती आणि मला ती हवी होती. मामांनी पेनाचं टोपण काढलं.

काकूंनी तो कपटा मागून घेतला. सही बघितली. “अशीच काडायचे,” म्हणाल्या. मग त्यांनी कपट्याची घडी केली, आणखी एक घडी केली आणि मुठीत धरली. “लाल शाईला भिऊन त्यांनी मला भाईर ठेवलं. राग हाय मला, मरस्तोवर ऱ्हाईल. पर आता ते मेल्यावर मीच त्यांच्या नावावर लाल रेघ मारू व्हय, शंकरभाऊ? मग इतकी वर्सं मी भाईर कशापायी ऱ्हायले?” मामांनी प्रतिज्ञापत्र माझ्याकडं परत सरकवलं. पेन उघडंच राहिलं होतं, शाई वाळली असेल. वडिलांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. काकूंनी आपल्या चहाचे पैसे दिले.

आता खऱ्या कागदांवर अर्ज गेला आहे. मुलाच्या शाळेचा दाखला, मतदारयादी, शेजाऱ्यांचे जबाब. कोर्टाची पायरी चढावी लागेलच, असं वकील म्हणतात. किती महिने, हे तेही सांगत नाहीत. तोवर काकू मुलाच्या यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरतात. माझा सरकारवरचा राग कमी झालेला नाही. ज्या कागदापायी एक बाई जिवंतपणी नाहीशी होते, त्या कागदाविरुद्ध मी छापत राहीन. पण ज्या दिवशी सही मिळू शकत होती, त्या दिवशी सरकार आडवं आलं नव्हतं. मी आले होते.

अण्णांची काळी पेटी कबनूरला पलंगाखाली आहे, झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर. दर मंगळवारी पहाटे काकू ती उघडतात, पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात आणि पहिल्या एसटीनं येऊन त्या लोखंडी स्टुलावर बसतात. त्यांना लिहिता येत नाही. अर्ज मी भरते. पण आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न त्या विचारतात, आणि कुणी ‘असंलच की’ म्हटलं, की आपल्या नवऱ्याचं पुस्तक काढून ते कोरं पान त्याच्यासमोर धरतात.

तुमच्याही घरात अशी एक पेटी असेल. ती आज उघडा. पान कोरं दिसलं तर मनात राग धरू नका, कारण विचारत बसू नका. येत्या मंगळवारी शिवाजी पेठेत या. मात्र एकटे येऊ नका. तुमचे वडील चालत येऊ शकतायत, तोवर त्यांना सोबत घेऊन या.