बंडूजींचा हळू आवाज

"बाबा, हळू बोला ना! माझी मीटिंग सुरू आहे!"

"हळूच तं बोलून राह्यलो, बेटा!"

"पुण्याचे साहेब विचारत होते, घरात भांडण झालंय का म्हणून!"

"सांग त्याले, सासरा चहा मांगून राह्यला!"

आचल वर माळ्यावर, कठड्याला धरून उभी, हेडफोन गळ्यात. सासरे बंडूजी खाली, पाटावर. मधे ना भिंत, ना दार. नुसतं उंचच उंच छप्पर, आणि त्याखाली घुमणारा बंडूजींचा आवाज.

सेलूतल्या या दगडी इमारतीत पूर्वी कापसाची सरकी काढत. गावाच्या तोंडी ते नुसतं 'जिन'. जिन बंद पडलं, पुढे बिल्डरनं भिंती घासूनपुसून घेतल्या, आत लोखंडी माळे चढवले आणि लॉफ्ट म्हणून घरं विकली. आचलच्या नवऱ्यानं, धीरजनं, त्यातलं एक घेतलं, तेव्हा हरखले ते त्याचे वडील, बंडूजी. उभी उमर त्यांनी इथंच मुकादमी केलेली. पाहुणा आला की त्याला हाताला धरून ओट्याशी नेत, "इथीसा सरकी काढाचे रेचे धडधडत होते!"

त्या धडधडाटावर ओरडून ओरडून त्यांचा गळा असा तयार झाला होता, की स्टँडवर कुणाला नुसतं 'राम राम' केलं तरी पवनारची बस थांबायची.

"माया आवाजाचा तरास होते ना? मंग मी चाललो गावातल्या आपल्या जुन्या खोलीत!" बंडूजींनी पिशवीत धोतर कोंबलं, पानाचा डबा कोंबला. जायचं मुळीच नव्हतं. पण हे घर त्यांना हवं होतं आणि घराला त्यांचा गळा नको होता, त्याला काय करणार?

ओट्याशी कणीक मळणाऱ्या त्यांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, मान वर केली. कणकेनं माखलेला तळहात हवेत खाली दाबला. बंडूजींनी बोटं नाचवून काहीतरी उत्तर दिलं, आणि छपराखाली एकदम शांतता पसरली.

"आई, हे काय चाललंय?" आचलनं वरून विचारलं.

"जिनातलं बोलणं हाये, माय. मी रेच्यावर, हे मुकादम. मशिनीत काय आयकू येते? सारे हातानंच बोलत." त्यांनी करून दाखवलं. अंगठा ओठाशी: चहा. मिशीला पीळ: मालक आला. तळहात खाली: पट्टा सुरू हाये, जागचा हलू नको. "आमचं लगनबी असंच जमलं. याईचा आवाज तवा कुठी आयकला होता मी? म्हणून तं हो म्हटलं!"

आचल खो खो हसली. तेवढ्यात साहेबांचा पुन्हा फोन. तिनं हेडफोन चढवला.

बंडूजी पिशवी घेऊन दाराशी पोचले आणि जरा रेंगाळले. वर पाहिलं. आचल साहेबांशी बोलता बोलता एक हात कठड्याबाहेर काढून मिशीला पीळ देत होती.

"अवं, तो मालक!" सुलोचनाबाई कुजबुजल्या.

आचलनं जीभ चावली. मग तळहात खाली दाबला. एकदा, पुन्हा एकदा. आणि भुवया उंचावून सासऱ्यांकडे बघत राहिली: राहता ना?

बंडूजींनी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. मिटलं. पिशवी खुंटीला अडकवली, दुधाची केटली उचलली, करकरणाऱ्या वहाणा हातात घेतल्या, आणि अनवाणीच, चवड्यांवर, दूध आणायला दाराबाहेर गेले.