आत्याचं मत

नवऱ्यानं टाकल्यावर आत्या गुजरातेत, प्रतापनगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आली, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. मी कॉलेजात गेले तरी बाबांच्या लेखी ती पाहुणीच होती. मतदारयादीसाठी मास्तर घरोघर फिरत आमच्याकडे आले, की बाबा नावं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "बहीण आहे, पण ती थोडे दिवस आलीय."

मतदारांची फोटोवाली ओळखपत्रं निघाली त्या वर्षी मात्र आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. "माझंही नाव लिहा."

मास्तर गेल्यावर बाबा चिडले. "इथं नाव घातलंस की तिकडचं कायमचं तुटलं. उद्या ते न्यायला आले तर?"

"दादा, कोण येणार आहे आता?"

बाबा उठून बाहेर गेले. आईनं भाताखालचा गॅस बंद केला.

फोटो काढायला मी तिच्याबरोबर म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेले. टेबलापाशी कारकुनानं गुजरातीत विचारलं, "पतिनुं नाम?"

"बापनुं लखो," आत्या म्हणाली.

"परणेलां छो ने, बेन?" लग्न झालंय ना, याची त्यानं खात्री करून घेतली.

"परणेली छुं. पण बापनुं लखो."

त्यानं आजोबांचं नाव लिहून घेतलं. फोटोत आत्या चक्क हसली होती.

कार्ड आलं ते मी वाचलं आणि मला तिच्याकडे बघवेना. वारलेल्या आजोबांचं नाव पतीच्या जागी छापलं होतं. यादीतही तसंच. दुरुस्तीसाठी ती कचेरीत गेली, तर निवडणूक झाल्यावर या म्हणाले.

मतदानाला ती नारायणपेठ नेसून आली. केंद्रावरच्या बाईंनी नाव मोठ्यानं वाचलं, पाठोपाठ पतीचं. शेजारी बसलेला पक्षाचा माणूस आमच्याच क्वार्टरांच्या लाइनीतला, बाबांना पुऱ्या नावानं ओळखणारा होता. तो खो खो हसत म्हणाला, "अरे, आ तो एमना बापुजी छे!" रांगेतली माणसंही हसली. आत्यानं बोट पुढं केलं, शाई लावून घेतली, मत दिलं. वाटेत मी काहीबाही बोलत राहिले. घरी आल्यावर आईनं विचारलं, "झालं का?" तर आत्यानं नुसती मान हलवली.

पुढं बाबा निवृत्त झाले. क्वार्टर सोडून आम्ही मकरपुऱ्याकडे भाड्यानं राहायला गेलो. नावं पुन्हा नव्यानं घालायची होती. बाबांनी आपलं, आईचं आणि माझं बँकेच्या पासबुकावर करून घेतलं. आत्याच्या नावावर जुन्या पत्त्याच्या त्या कार्डाखेरीज कागदच नव्हता. ती राहते एवढं लिहून द्या म्हटलं, तर घरमालक म्हणाला, "लिहून दिलं की भाडेकरू हक्क सांगतात." तेव्हा बाबाच म्हणाले, "मी पुन्हा बोलतो त्यांच्याशी."

"राहू दे, दादा," आत्या म्हणाली.

पुढच्या निवडणुकीला आम्ही तिघं मत द्यायला गेलो. परत आलो तेव्हा ती ओट्याशी मेथी निवडत होती. "गर्दी होती का?" तिनं विचारलं. बाबा "नव्हती" म्हणाले आणि चपला काढत बराच वेळ दारातच उभे राहिले.