बाद झालेला कोपरा

आमच्या गाळ्यात तयार होणारी वस्तू कुठल्याही दुकानात मिळत नाही. वसईजवळच्या वालीवला आमच्या शेजारी कोणी डब्यांची झाकणं करतो, कोणी रबरी वॉशर, कोणी चष्म्याच्या काड्या. त्यांचा माल बाजारात दिसतो. आम्ही मॉडेल करतो. एखादी कंपनी नवा फोन किंवा नवा रिमोट काढते, तेव्हा तो आधी हातात धरून बघायचा असतो. त्यासाठी प्लॅस्टिकचा भरीव ठोकळा मशीनवर कोरायचा, घासायचा, रंगवायचा. आत काही नसतं. तो खऱ्यासारखा दिसला आणि खऱ्यासारखा हाताला लागला की आमचं काम संपलं. पसंत पडला तर पुढे कारखान्यात लाखांनी निघतो, नाही तर बाद. बाद झालेलेच जास्त.

वीसेक वर्षं आमचं बहुतेक काम एकाच माणसाकडून येत होतं. एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीचे ते मुख्य डिझायनर. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे, कारण प्रत्येक मॉडेलबरोबर मी प्रत्यक्ष मोजलेल्या मापांची चिठ्ठी पाठवायचो आणि चूक असली तर तीही त्यात लिहायचो. एकदा एका रिमोटची जाडी पाव मिलिमीटर जास्त भरली. तसं लिहून पाठवलं. त्यांचा फोन आला, "मास्तर, स्वतःचाच पेपर तपासून स्वतःला नापास करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

साहेबांची एक पद्धत होती. मॉडेल आलं की ते आधी बघायचे नाहीत. डोळे मिटून हातात घ्यायचे आणि अंगठा कडेवरून सावकाश फिरवायचे. खोलीत कितीही माणसं असोत, तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. मग डोळे उघडून हो किंवा नाही. कारण विचारलेलं त्यांना आवडत नसे.

त्यांचा पहिला फोन आमच्याकडेच घडला. बटणांचा, राखाडी. त्याचे चारही कोपरे आम्ही तीनच्या गोलाईचे केले होते, म्हणजे तीन मिलिमीटर त्रिज्येचे. ड्रॉइंगमध्ये तसंच होतं. साहेबांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "टोचतो." मला काही टोचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः वालीवला आले, बाह्या वर केल्या आणि पॉलिश पेपर मागून कोपरा घासायला लागले. आमचे रंगारी मामा, नायगावजवळच्या मिठागरांच्या गावातले, शेजारी पाण्याचा मग धरून उभे. "पानी घ्या साहेब. कोरडं घासाल तं चरं पडतील, मंग माझ्या नावानं बोंबलाल." साहेब हसले आणि पाणी घेतलं. दुपार गेली. शेवटी ते थांबले आणि मॉडेल माझ्या हातात दिलं. मी गोलाई मोजायचं गेज लावून बघितलं. तीन पूर्णांक सहा. तो आकडा मीच कारखान्याला कळवला.

पुढे तो फोन फार खपला. नालासोपाऱ्याच्या रिक्षावाल्यांच्या खिशात असायचा. कळंबच्या कोळणी तो कमरेला खोचून मासे विकायच्या. त्या कोपऱ्यामुळे कोणी फोन घेतला असं मी म्हणत नाही. लोक किंमत बघतात आणि बॅटरी बघतात. पण अर्ध्या मिलिमीटरचा फरक ज्याच्या बोटाला कळतो असा एक माणूस जगात आहे, आणि आपण त्याच्यासाठी काम करतो, एवढ्यावर मी गाळा चालवत आलो. दुसरं कुठलंही काम मी त्या निगुतीने केलं नाही, कारण दुसऱ्या कोणी तशी मागितली नाही.

अलीकडे काम आटत गेलं. कंपनीतली नवी मुलं सगळं स्क्रीनवर पसंत करतात. आमची माणसं एकेक करून दुसरीकडे गेली आणि मामा आणि मी एवढे उरलो. साहेबांचं वर्षाकाठी थोडं काम यायचं, त्यावर दिवा जळत होता.

एका रविवारी सकाळी बायकोने फोनवर बातमी वाचली. "अहो, तुमचे साहेब चालले."

"कुठे?"

"कंपनी सोडून. एवढी वर्षं होते वगैरे लिहिलंय. आता नव्या वाटेच्या शोधात म्हणे."

"म्हणजे स्वतःचा स्टुडिओ काढणार."

"तसं काही लिहिलेलं नाही."

"अशी माणसं तेच करतात. आणि मॉडेल करून घ्यायला येणार कोणाकडे?"

तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "साहेबांनी कंपनी सोडली आणि सुतक आपल्या घरात." थोड्या वेळाने चहा टाकताना आतून पुन्हा आवाज आला, "एकदा विचारा तरी त्यांना सरळ."

मी विचारलं नाही. हिशेब मात्र मांडला. साहेबांचा स्टुडिओ निघाला तर गाळा चालेल. साहेब गेल्यावरही कंपनीने काम चालू ठेवलं तर चालेल. दोन्ही झालं नाही तर बंद. तिसरी वाट मला दिसत नव्हती.

आठवड्याभरात कंपनीतून एका नव्या मॅनेजर मुलीचा फोन आला. साहेबांच्या निरोप समारंभात पाहुण्यांना आठवण म्हणून काही द्यायचं होतं. तोच पहिला राखाडी फोन, साठ नग, खाली टेकवायला छोटी सुटी बैठक. "काका, सरांना सरप्राइज आहे, त्यांना कळू देऊ नका. आणि हे छान झालं ना, तर पुढच्या कामाचंही आपण बघू." शेवटचं वाक्य मी मामांना दोनदा सांगितलं.

फाइल आली. उघडली आणि पहिल्यांदा कोपरा बघितला. तीन. तीन पूर्णांक सहाचं ड्रॉइंग तेव्हा कारखान्यातच वेगळं झालं होतं. कंपनीच्या संग्रहात राहिली होती ती बाद केलेल्या फोनची फाइल. मी त्याच दिवशी मेल केला: ही फाइल बाद झालेल्या नमुन्याची आहे, बरोबर गोलाई तीन पूर्णांक सहा, परवानगी असेल तर तशी करतो, जास्तीचा वेळ लागणार नाही. उत्तर आलं की फाइलला मंजुरी मिळालेली आहे, बदल केला तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागेल, तेवढे दिवस हातात नाहीत, कृपया फाइलप्रमाणेच करावं. मी फोन केला. ती मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, पॉइंट सिक्स कोणाला दिसणार आहे?"

मामांना सांगितलं तर ते तडकले. "आपन बरोबर तोच करू. कोन मोजतोय?"

"लेखी आलंय मामा. फाइलप्रमाणे."

"साहेब हात लावतील ना त्याला! लगेच वलखतील. तुमचं लेखी काय त्यांच्या अंगठ्याला दाखवनार?"

"आणि बदलला, आणि कंपनीने कोणाला मोजायला लावला तर? पुढचं काम गेलं."

"पुढचं काम," मामा म्हणाले, आणि स्प्रेगन धुवायला निघून गेले.

साठही नग तीनच्या गोलाईचे झाले. रंग मामांनी असा दिला की जुन्या मॉडेलशेजारी ठेवला तर ओळखू नये. मी प्रत्येक नग मोजला. चिठ्ठी मात्र ठेवली नाही. त्या चिठ्ठीत मी काय लिहिणार होतो?

समारंभाच्या दिवशी खोके टेम्पोत घालून मी ड्रायव्हरशेजारी बसलो. खाडीपुलाजवळ नेहमीसारखी गाडी अडकली, आणि मी मनात वाक्य जुळवत राहिलो. साहेबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं तर काय सांगायचं याचं ते वाक्य होतं. माल पोचवून मी परत निघणार होतो, पण मॅनेजर मुलगी म्हणाली, "थांबा ना काका, सरांना बरं वाटेल." मी मागच्या भिंतीशी उभा राहिलो.

भाषणं झाली. मग पडदा बाजूला करून ते फोन आणले आणि पहिला साहेबांच्या हातात दिला. ते क्षणभर थबकले. मग त्यांनी डोळे मिटले. सगळं सभागृह गप्प. अंगठा पहिल्या कोपऱ्यावरून गेला, दुसऱ्यावरून गेला, चारही झाले. साहेबांनी डोळे उघडले, ते भरून आले होते. माइक घेऊन म्हणाले, "हा कोपरा मी वसईच्या एका गाळ्यात उभं राहून स्वतः घासलाय. ड्रॉइंगमधला टोचत होता. हात लावून बघा, कळेल तुम्हाला."

साठ माणसांनी त्या टोचणाऱ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. माझ्या पुढे उभी असलेली मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "एकदम बटर, ना?" दुसरीने मान डोलावली.

जेवणाच्या वेळी साहेब स्वतः माझ्याकडे आले. फोन हातातच होता. "मास्तर! आणि चिठ्ठी कुठाय?"

"या वेळी ठेवली नाही."

"तुम्ही? चिठ्ठी नाही?"

जुळवलेलं वाक्य आठवलं नाही. मी सरळ सांगितलं. "साहेब, हा तीनचा आहे. बाद झालेला. फाइलच तशी आली. मी लेखी कळवलं होतं."

त्यांनी फोनकडे बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. आजूबाजूला माणसं ताटं घेऊन हिंडत होती.

"मला कळलं नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "चार वर्षं झाली. साखर. बोटांची टोकं बधिर झालीत. चहा गरम आहे की गार, ते ओठांना लागल्यावर समजतं."

"मग एवढी मॉडेलं पास केलीत ती?"

"तुमची चिठ्ठी वाचून. ती आधी वाचायची, मग सगळ्यांपुढे अंगठा फिरवायचा. तुमचा आकडा कधी खोटा नसायचा." ते थोडं हसले. "आज चिठ्ठी नव्हती, तर बघा."

मला जे विचारायचं होतं ते मी तिथेच विचारलं. दुसरी वेळ मिळणार नव्हती. "स्टुडिओ काढताय ना?"

"कसला स्टुडिओ, मास्तर? या बोटांनी?" त्यांनी फोन कोटाच्या खिशात टाकला. "मुलीकडे जाऊन राहणार आहे. माझ्यावर गाळा ठेवू नका. यांच्यावरही नको. यांना मॉडेल लागत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फार चुकतं असंही नाही." कोणीतरी फोटोसाठी बोलावलं, ते गेले. जाताना मॅनेजर मुलीने माझे आभार मानले. "सर किती इमोशनल झाले, बघितलंत ना? पुढे काही असलं की कळवते हं काका." तिने कधीच कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या आधीच गाळ्यात येऊन बसले होते. "काय, वलखलं ना साहेबांनी?"

"नाही."

"हात लावला का नाय?"

"लावला."

मामांनी जुनं मॉडेल उचलून त्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मंग पयल्यापासून तीनच ठेवायचा होता, शेठ. केवढा पॉलिश पेपर वाचला असता." साहेबांची बोटं कशी झालीत तेही मी सांगितलं. महिनाअखेरीस मामा एका लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगकामाला लागले. मी थांबा म्हणालो नाही. कशाच्या जोरावर म्हणणार?

बायकोला सगळं सांगितलं. ती टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिने मारला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

गाळा विकायला काढलाय; गिऱ्हाईक मिळेपर्यंत मशीन बसून राहू नये म्हणून मी मिळेल ते काम घेतो. परवा मागच्या गल्लीतल्या एकाने स्विचबोर्डाच्या झाकणाचा साचा करायला दिला. ड्रॉइंग बघितलं, त्यात कोपऱ्याची गोलाई लिहिलेली नव्हती. मी फोन करून विचारलं.

"काहीही ठेवा हो," तो म्हणाला. "भिंतीवर तर लागणार. कोण हात फिरवत बसतंय?"

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. मशीनवर कालच्या कामाचं टूल लागलेलं होतं; त्याची जेवढी गोलाई, तेवढी कोपऱ्याला येणार. ते कितीचं आहे हे न बघता मी मशीन चालू केलं.