दुपारी बारा ते एक, सी-सॉवर

"मॅडम, आमच्या बागंत माणसं कमी पडायला लागलीत. दोन दिस खेळायला येता का?"

असा फोन तुम्हाला कधी आलाय? मला आला. करणाऱ्या हौसाक्का, वय चौऱ्याहत्तर. मी एसटीत कंडक्टर होते तेव्हा त्या कराडला आमच्या तासगाव गाडीत चढायच्या आणि खिडकीच्या जागेसाठी अख्ख्या गाडीशी भांडायच्या. माझ्याशी इतक्या वेळा भांडल्या की शेवटी मैत्रीच झाली.

त्यांच्या गावात एक बाग आहे. गावानं श्रमदान करून उभी केलेली. घसरगुंडी, झोके, सी-सॉ, ओपन जिम, म्हाताऱ्यांना बसायला कट्टा, आणि फाटकावर गावाच्या नावाची पाटी, खाली 'सर्व वयोगटांसाठी'. आता काही जणांना ती मोडून तिथं दुकानाचे गाळे काढायचेत. कचेरीतले एक साहेब दोनदा भर दुपारी पाहणीला आले आणि बाग रिकामी बघून 'वापर नाही' असं लिहून गेले. आता द्राक्षाच्या हंगामात दुपारी बाग रिकामी नसणार तर काय? मुलं शाळेत, बाकी गाव मळ्यात! पण तिसऱ्यांदाही रिकामी सापडली तर बाग गेलीच. म्हणून गावानं विहिरीच्या पाण्याची पाळी लावतात तशी खेळायची पाळी लावलीय. दहा ते चार, तासाला पाच-सहा माणसं खेळलीच पाहिजेत.

मुलगा म्हणाला, "आई, एकसष्टाव्या वर्षी सी-सॉवर बसायला एवढ्या लांब जाणार?"

हो, जाणार! तुझी परवानगी कुणी मागितली होती?

सोबतीला शोभावन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद. माण तालुक्यातल्या, दहिवडीजवळच्या. नवरा जन्मभर मुंबईत नोकरीला, आणि यांनी इथं एकटीनं शेरडं सांभाळली, शेत केलं, पोरं वाढवली. एवढी कर्तबगार बाई, पण चारचौघांत तोंड म्हणून उघडायची नाही.

सकाळी सव्वासहाला सातारा स्टँड सोडलं. कराडपर्यंत हायवे, तिथून गाडी बदलून ताकारी, कुंडल, पलूस करत तासगाव. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा खर्चाची सबब सांगू नका. कराडला नाश्ता उरकून घ्या, पुढं गाडी कुठं थांबेल याचा भरवसा नाही. कुंडलपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, मग हळूहळू द्राक्षबागा सुरू होतात, आणि तासगाव आलं की बेदाण्याची शेडं आणि त्यांचा तो आंबूस-गोड वास. तासगावहून गावाला दिवसात दोनच गाड्या आहेत. आमची चुकली, मग द्राक्षाच्या क्रेट घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवाल्यानं सोडलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही.

अक्कांनी पाय धुवायलासुद्धा वेळ दिला नाही. "भाकरी मागनं खा. बारा ते एक तुमची पाळी."

बाग मोठी नाही. चार कडुलिंब आहेत, त्यांची सावली बरी. कट्ट्यावर दोघी म्हाताऱ्या गजगे खेळत होत्या आणि एकमेकींना चक्क चोर ठरवत होत्या. ओपन जिमच्या सायकलवर फौजेतून निवृत्त झालेले एक नाना पाय मारत होते. अक्का स्वतः झोक्यावर. आम्हा नणंद-भावजयीच्या वाट्याला सी-सॉ आला. आता मी अशी भरलेली आणि वन्सं म्हणजे काडी. मी टेकले आणि त्या सरळ वर!

"आवं वैनी, खाली घ्या की! लोक हसत्याल."

"हसू देत. धरा घट्ट."

पाच मिनिटांत लोक राहिले बाजूला, वन्संच हसायला लागल्या. खरं सांगते, त्यांच्या लग्नानंतर इतकं मोठ्यानं हसताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

साडेबाराच्या सुमारास फाटकाशी मोटरसायकल थांबली. साहेब. तिशीतले, घामाघूम, बगलेत फाईल. आत आले आणि बघतच राहिले.

"हे काय चाललंय?"

"खेळतोय," अक्का झोका न थांबवता म्हणाल्या.

"मावशी, बाग लहान मुलांची असते. मोठ्यांनी बसलेलं वापरात धरत नाहीत."

"फाटकावरची पाटी वाचून आलासा न्हवं?"

साहेबांनी फाईल उघडली. मी खालीच बसलेली, कागद अगदी माझ्या नाकासमोर आला. पंचनामा टाईप करून तयार होता: 'पाहणीच्या वेळी एकही व्यक्ती आढळून आली नाही.' डोक्यात तिडीकच गेली. मी जन्मभर आधी प्रवासी बघितला आणि मग तिकीट फाडलं. यांनी माणसं बघायच्या आधीच कागद छापून आणला होता! मी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. नानांचे पाय सायकलवर थांबले.

साहेब गोरेमोरे झाले. मग आमच्याकडं वळले. "तुम्ही दोघी गावच्या दिसत नाही. तुम्ही आधी उतरा."

आता माझी जन्माची खोड बघा. साहेब म्हटलं की मी उठते. उठायलाच लागले, तेवढ्यात वरून आवाज आला.

"वैनी, उठू नका!"

वन्सं! लाकूड दोन्ही हातांनी धरलेलं, पाय लोंबकळताहेत, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला.

"सायेब, मी उतरनार न्हाई. पाटीवर गावाचं नाव हाय, पर गावच्यांनीच बसायचं असं कुटं लिवलंय? आमी सहा माणसं हाय हितं. मोजा. नावं लिवा, वय लिवा, आन् मग जावा."

मी मात्र अंगातला सगळा जोर लावून खाली बसून राहिले. साहेबांनी खिशातलं पेन काढलं, छापलेली ओळ खोडली आणि कट्ट्यावर बसून एकेकाचं नाव विचारायला सुरुवात केली. मग अक्कांनी त्यांनाही दही-भाकरी आणि खर्डा वाढला, आणि ते जेवलेसुद्धा. माणूस वाईट नव्हता हो, उन्हातान्हाचं हिंडायला कंटाळलेला होता. पण त्याच्या कंटाळ्यापायी गावानं बाग का घालवायची?

दुसऱ्या दिवशीही पाळी केली, तासगावातून बेदाणे घेतले आणि परतलो. मांड्या आठवडाभर दुखत होत्या.

काल अक्कांनी पंचनाम्याची नक्कल काढून मोबाईलवर फोटो पाठवला. वरची ओळ खोडलेली, खाली पेनानं सहा नावं. वन्संचंही आहे: 'वय ५८, सी-सॉवर खेळत होत्या.' खाली कचेरीचा शिक्का. निकाल अजून लागलेला नाही. गाळेवाले गप्प बसणार नाहीत, साहेब बदलून येतील, पाहणी पुन्हा होईल.

मी तो फोटो वन्संना पाठवला. त्यांनी तिघी जावांना आणि शेजारणीला दाखवला, आणि संध्याकाळी मला फोन केला. "वैनी, अक्कांशी बोलून घेतलंय. दर बुधवारची पाळी आपली. आमी पाच जनी येतोय. तुमी येताय न्हवं?"