पान बत्तीस, वरून चौथी ओळ

लता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होतो. फोन तिच्या थोरल्या भावाचा, गणपतभाऊचा. "भाऊ, लता गेली... चहा ठेवला होता तिनं. तो उकळतच राह्यला." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मी कोपऱ्यातल्या तिच्या खुर्चीकडे बघत बसलो. आदल्याच दिवशी त्या खुर्चीतून तिनं माझ्या तीन चुका काढल्या होत्या आणि वर हसली होती.

माणूस गेला की लोक त्याला नम्र, शांत, मितभाषी करून टाकतात. लतेच्या बाबतीत मी ते होऊ देणार नाही. बाई फटकळ होती. जिंकली की आठवडाभर मिरवायची. वडशाला स्टेशनकडून बाजारात येताना माझं टायपिंग आणि छपाईचं दुकान लागतं, तिथं ती काम मागायला आली ती अशी: "टायपिंग येते मले. पण तुमचे हे फॉन्ट पाहून डोकं दुखते." घराणं तळ्यावर मासे धरणाऱ्यांचं, घरात कॉम्प्युटर कोणी पाहिलेला नाही, आणि ही पहिल्याच दिवशी माझ्या अक्षरांना नावं ठेवते! मी म्हटलं, उद्यापासून ये. दुसरं काय म्हणणार?

तिच्या डोकेदुखीचं खरं कारण मला पुढं कळलं. गणपतभाऊ आमच्या गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर. आमच्याकडची नाटकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको, की नागपूर-मुंबईचे कलाकार एखाद्या तालमीवर उभे राहतात आणि बाकी सगळी मदार विंगेतल्या माणसाच्या आवाजावर असते. त्या माणसाची नजर मात्र अधू होत चालली होती. बारीक अक्षरं त्याच्यापुढे पसरायची. म्हणून लतेनं जुन्या रंगवलेल्या नाट्यफलकांवरची अक्षरं बघून स्वतःचा फॉन्ट काढला. जाड अंगाचा, मोठ्या पोटाचा, वेलांट्या उंच. फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत शिकली. मी चिडवायचो, "ही अक्षरं आहेत का म्हशी?" ती मान वळवून कामाला लागायची. गणपतभाऊनं पहिलं पान न अडखळता वाचलं त्या दिवशी मात्र अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "आता बोला, म्हशीवाले!"

आणि मग ती तालीम आली. नवं नाटक, नागपूरचे दिग्दर्शक. नाटक लिहिणारे मास्तर गडचिरोलीचे. पीडीएफ करून पाठवा असं कोणीही म्हणेल, पण आमच्याकडे डायलॉग शेवटच्या दिवसापर्यंत बदलतात, प्रत्येकाला आपल्या फाईलमध्ये लिहायचं असतं. दुकानात विंडोज, दिग्दर्शकांकडे मॅक, मास्तरांच्या शाळेत लिनक्स. नायकानं प्रत काढली दुकानातून, नायिकेनं मास्तरांकडून. फाईल तीच, फॉन्ट लतेचा. मंगल कार्यालयात सगळे गोळा झाले, दिग्दर्शक म्हणाले, "पान बत्तीस, वरून चौथी ओळ, सुरू करा." नायकानं नायिकेकडे प्रेमानं पाहिलं आणि म्हणाला, "सरणावरची लाकडं नीट रचा." ती आपल्या बत्तीस पानावरून म्हणाली, "आधी हार तर घाला." आम्ही पोट धरून हसलो. दिग्दर्शक हसले नाहीत. त्यांच्या मॅकवर ओळींमध्ये एवढी जागा की नाटक लांबत गेलेलं, आमच्या प्रतीत ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या, वेलांट्या छाटलेल्या, आणि लिनक्सवाली प्रत तिसऱ्याच वाटेला. "हा फॉन्ट काढून टाका," ते म्हणाले, "साधा वापरा. प्रॉम्प्टरला वाचता येत नसेल तर दुसरा प्रॉम्प्टर बघू." गणपतभाऊनं चष्मा काढून खिशात ठेवला. मासे धरायचं जाळं त्यानं नाटकापायी कधीच सोडलं होतं, दुसरं काही त्याला येत नव्हतं. लता उठून म्हणाली, "पुढच्या तालमीपर्यंत थांबा साहेब. नाई जमलं तर मीच काढतो फॉन्ट." आमच्याकडच्या कितीतरी बाया अशाच 'मी काढतो' म्हणतात.

त्यानंतर दुकानातली गिऱ्हाइकं मी सांभाळली. तिनं एका ओळीत 'मिठ्ठू' लिहिलं, खालच्या ओळीत आमच्याकडचं देवस्थान 'मार्कंडा', पुन्हा मिठ्ठू, पुन्हा मार्कंडा, पानभर. मला वाटलं, गेली बाई कामातून. "काऊन वो, हे काय करून राह्यली?" तिनं दाखवलं. मिठ्ठूतल्या ठ्ठूचं शेपूट सगळ्यांत खाली जातं, आणि मार्कंड्याच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी. हे दोघं भांडले नाहीत तर बाकी कोणीच भांडत नाही. तिन्ही मशिनींवरून ते पान काढून आणलं, खिडकीच्या काचेवर लावलं आणि शिंप्याचा टेप घेऊन मोजायला लागली. अक्षरं तिन्हीकडे तेवढीच होती, ओळीची उंची मात्र प्रत्येक पानावर वेगळी. "मशिनी खोट्या नाई बोलत भाऊ," ती म्हणाली, "मीच त्यायले येगयेगळं सांगतलं." फॉन्टच्या फाईलमध्ये ओळ किती उंच, किती खोल, हे तीन जागी लिहावं लागतं. विंडोज एक जागा वाचतं, मॅक दुसरी, आणि लिनक्सवरचे काही प्रोग्राम तिसरी. तिनं एकच जागा मन लावून भरली होती, उरलेल्या दोन सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं भरल्या होत्या. तिनं मिठ्ठूचं शेपूट आणि मार्कंड्याचं डोकं मोजलं, तिन्ही जागी एकच माप लिहिलं, आणि नवी पानं काढली. काचेवर एकावर एक ठेवली तर मागचं पान दिसेचना. ओळीवर ओळ, तंतोतंत. लतेनं टेबलावर असा हात मारला की माझा चहा सांडला.

पुढच्या तालमीला दिग्दर्शकांनी मुद्दाम तेच पान पुकारलं. "पान बत्तीस, वरून चौथी ओळ." नायक, नायिका, मास्तर आणि विंगेतून गणपतभाऊ, चौघांच्या तोंडून एकच ओळ एका दमात बाहेर पडली. कार्यालयातल्या खुर्च्या वाजल्या. दिग्दर्शक उठून लतेपुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, जिंकलात." दुसरी कोणी असती तर लाजली असती. ही म्हणाली, "मले माहीत होतं." त्या दिवशी सगळ्यांना तर्री-पोहे तिनं खाऊ घातले आणि पुढं कित्येक दिवस माझ्याशी जिल्हाधिकाऱ्यासारखी बोलली. फॉन्ट राहिला, गणपतभाऊ राहिला. त्यानंतर नाटकांचे किती हंगाम गेले, किती कंपन्यांनी तो फॉन्ट नेला, मी मोजलं नाही.

आता तिची खुर्ची रिकामी आहे. राग येतो मला तिचा, खरं सांगतो. अशी न सांगता जायची ही रीत झाली का? पण हंगाम कोणासाठी थांबत नाही. परवा त्याच मंगल कार्यालयात तालीम होती. दिग्दर्शक नवे, तरुण, लॅपटॉप नवा कोरा. मी लवकर जाऊन त्यावर लतेचा फॉन्ट टाकला आणि सवयीनं आधी मिठ्ठू लिहिलं, खाली मार्कंडा. शेपूट आणि डोकं यांच्यात बोटभर जागा, अगदी तिनं ठेवली होती तेवढीच... सगळे जमले. दिग्दर्शकांनी नेमकं पान बत्तीस पुकारलं, ओळ पुकारली आणि सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य निघालं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, आणि का वाटावं? लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत ते सहज म्हणाले, "फॉन्ट छान आहे हा. कुठला?"

गणपतभाऊ विंगेत उभा होता. त्यानं चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"माह्या बहिणीचा," तो म्हणाला. "चला, पान तेहतीस."